रेडिओच्या खोलीचं अर्थिंग

अव्वा जेवत होती. उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडत होती, वरणात बुडवून तोंडात घालत होती, आणि डावा हात खिडकीच्या गजावर होता. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. कुणी बघतंय हे कळलं तर ती जेवायची थांबेल, या भीतीने मी पाऊलही टाकलं नाही.

भाकरी संपली आणि तिने दुसरी मागितली. तेव्हा कुठे मी आत गेले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "जेवताना गज कशाला धरतेस गं, अव्वा?"

"मी कुठं धरलाय? त्यांनीच धरलाय माझा हात," ती म्हणाली. "चहाच्या टायमाला पण येतेत. तू असलीस की जरा लाजतेत."

मी दुसरी भाकरी वाढली. आईचं डोकं ठिकाणावर नाही, याचं मला त्या वेळी वाईट वाटायला हवं होतं. पण मला झाला तो आनंदच. तिने आपणहून भाकरी मागितली होती, आणि वर्षभरात असं झालं नव्हतं.

ही गोष्ट देगलूरची, अप्पा गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातली. अप्पा रेडिओ दुरुस्त करायचे. घरामागे परसात, कडुलिंबाच्या आणि सीताफळाच्या झाडांमध्ये त्यांनी पत्र्याची एक खोली बांधली होती. खाली शहाबादी फरशी, लोखंडी चौकटीची एक खिडकी, बसायला लाकडी स्टूल आणि भिंतीला पोट उघडे पडलेले सेट. घरातून दोन वायरी लिंबाच्या फांदीवरून त्या खोलीत गेल्या होत्या. एक दिवा आणि एक कावीळ झाल्यासारखा पिवळा पडलेला टेबलफॅन, एवढ्यासाठी त्या पुरेशा होत्या. लोकांनी रेडिओ ऐकायचं सोडलं, तरी अप्पांनी खोली सोडली नाही.

साथीच्या दुसऱ्या लाटेत अप्पांना धाप लागली आणि मी फोन करून दवाखान्याची गाडी बोलावली. अप्पा चालत गाडीत बसले आणि परत आले नाहीत. आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, त्याने जन्मभर अंगावर बाळगलेलं इष्टलिंग हातात देतात, विभूती लावतात, बेल वाहतात, भोवती मीठ भरतात आणि माती देतात. अप्पांना लांबच्या शहरात, अनोळखी माणसांच्या रांगेत अग्नी दिला गेला. त्या दिवसांत सगळ्यांचं तसंच होत होतं, कुणाशी भांडायचं? पुढे संगमेश, माझा पुण्याचा भाऊ, एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात चष्मा होता, घड्याळ होतं आणि चांदीच्या करंड्यात अप्पांचं इष्टलिंग होतं. जे त्यांच्याबरोबर जायचं, ते एकटंच घरी आलं.

आमच्या जंगमस्वामींनी सांगितलं, नदीत सोडा. करंडा उचलून अव्वा रेडिओच्या खोलीत गेली, तो स्टुलावर ठेवला आणि माझी खाट इथं टाका म्हणाली. खोलीत चप्पल घालून यायचं नाही, असा नियमही केला. तिथून तिचं जेवण कमी होत गेलं. "त्यांना बसायला जागा न्हाई मिळाली," एवढं एकच वाक्य ती अधूनमधून म्हणायची. थंडी संपेपर्यंत ती कपभर दुधावर आली होती आणि मी तिच्या बांगड्यांना दोरा गुंडाळून त्या घट्ट करून देत होते.

मी शाळेत गणित शिकवते आणि लग्न केलेलं नाही, त्यामुळे आईचं सगळं मीच बघणार हे संगमेशने फार आधीच ठरवून टाकलं होतं. तो पुण्याहून फोनवर सल्ले द्यायचा. डॉक्टर म्हणाले, दवाखान्यात ठेवा. दवाखान्याचं नाव काढलं की अव्वा खाटेची दांडी दोन्ही हातांनी धरायची. मी कुणाकुणाला नवस बोलले, ते आता सांगायलाही लाज वाटते.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि जलीलभाईंनी खोलीला कूलर बसवून दिला. जलीलभाई वायरमन, अप्पांच्या हाताखाली सोल्डरचं झाळकाम शिकलेले. खिडकीच्या अर्ध्या भागात कूलरचं तोंड आणि उरलेल्या अर्ध्यात मोकळे गज, असं त्यांनी बसवलं. खोलीला दोनच वायरी आहेत, अर्थिंगची तिसरी नाही, हे त्यांनी पाहिलं, मीही पाहिलं. एवढ्याशा कूलरला काय होतंय, ते म्हणाले. काय होतंय, मीही म्हटलं. आमच्याकडे कूलरमध्ये पाणी भरण्याआधी उलट्या हाताने त्याला चापटी मारून बघतात, मारला झटका तर चप्पल घालतात, आणि एवढ्यावर सगळ्यांचे उन्हाळे निघतात.

कूलर आला आणि अव्वा जेवायला लागली. गार वाऱ्याने भूक लागली असं मला वाटलं. मी संगमेशला फोन करून ऐटीत सांगितलंही, की तुझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा माझा कूलर भारी ठरला.

हाताची गोष्ट तिने मला नंतर एका दुपारी सविस्तर सांगितली. लग्न होऊन नवीन आली होती तेव्हाची. अप्पा लाकडी स्टुलावर पाय वर घेऊन बसायचे, एक हात चालू सेटच्या पत्र्यावर. ही अनवाणी चहा घेऊन यायची. बशी घेताना त्यांची बोटं हिच्या बोटांना लागली की हातात झिणझिण्या यायच्या. पहिल्यांदा बशी पडली. मग अप्पा मुद्दाम तसं करायला लागले. "आपल्यात काय नवरा चारचौघांत बायकोचा हात धरतो का? पण चहाची बशी तर घ्यावीच लागते की," ती म्हणाली आणि सुनेसारखी लाजली. "आता तशाच येतेत बघ मुंग्या, गज धरला की. त्यांच्याशिवाय कुणाच्या हाताला तसं न्हाई होत."

मी ऐकलं आणि मायेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. गणित शिकवणारी बाई मी. त्याच आठवड्यात बाहेर कूलरखालच्या ओलीत एक मांजर मरून पडलं होतं, आणि उन्हाने मेलं असेल म्हणून मी ते उचलून टाकलं होतं. मांजर आणि मुंग्या यांची बेरीज काही मला करता आली नाही.

ती झाली एका सकाळी फरशी पुसताना. नियमाप्रमाणे मी अनवाणी होते. गुडघे टेकून कोपरा पुसला आणि उठायला आधार म्हणून ओल्या हाताने खिडकीचा गज धरला. दंडापर्यंत जबरदस्त हिसका बसला, बादली कलंडली आणि मी भिंतीला जाऊन आदळले.

खाटेवरून अव्वा हसली. कितीतरी दिवसांनी मोकळं हसली. "तुझा पण धरला का हात?"

मी तशीच धावत घरात गेले आणि परसातल्या खोलीचं बटण बंद केलं. मग ओसरीवर बसले. महिनाभर माझी आई जेवताना करंटला हात लावून बसत होती. फरशी कोरडी होती म्हणून मुंग्यांवर भागत होतं. तिच्या हातून एकदा तांब्या सांडला असता, तर मी तिलाही त्या मांजरासारखं सकाळी उचललं असतं. आणि ती जगली होती तीही त्या मुंग्यांवरच. हे दोन्ही मला एकदम कळलं.

दुपारी मी ताट नेलं. तिने डावा हात गजावर ठेवला आणि थांबली. गज थोडा खाली धरून बघितला, मग वर. मग पदराने पुसून बघितला. ताटाकडे वळलीच नाही.

"आज येईनात," ती म्हणाली. "थांबते मी."

ती थांबली. संध्याकाळीही थांबली. दुसऱ्या दिवशी दूधही ओठाला लावलं नाही. कूलर बंद, पत्रा तापलेला, पण खोली सोडून घरात यायला ती तयार नव्हती, कारण ते आले आणि ती नसली तर? मी ओले पंचे तिच्या अंगावर टाकत होते, ते बघता बघता वाळत होते. जलीलभाईंना फोन केला तर ते लग्नाच्या मांडवांमध्ये अडकलेले. उद्या येतो म्हणायचे, आणि उद्या परत उद्या म्हणायचे.

मी एक वेडेपणा करून बघितला. खिडकीबाहेर जाऊन, तिला दिसणार नाही अशी भिंतीला चिकटून उभी राहिले आणि तिच्या गजावरच्या बोटांवर हळूच माझी बोटं ठेवली.

"उमा, उन्हात कशाला उभी ऱ्हायलीस?" आतून आवाज आला. "तुझा हात मऊ हाय. त्यांच्या हाताला झाळ्याचे चटके होते."

मग मी खरं सांगून टाकलं. तिच्यासमोर बसून, वर्गात सांगावं तसं समजावून सांगितलं. कूलरचा पंप जुना आहे, त्यातून करंट कूलरच्या पत्र्यात येतो, पत्र्यातून खिडकीच्या चौकटीत, चौकटीतून गजात. तुझे पाय उघडे, म्हणून तुला मुंग्या येत होत्या. ते अप्पा नव्हते, अव्वा.

तिने सगळं ऐकून घेतलं. "बंद कुणी केलं?"

"मी."

"तूच त्यांना गाडीत घालून धाडलंस," ती शांतपणे म्हणाली, "आन आता हितनंबी धाडलंस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या दुपारी मी घरातल्या बटणापाशी जाऊन उभी राहिले. बटणावर बोट ठेवलं. एकदाच लावू, ती जेवेपर्यंत. फरशी कोरडी करू, तिच्या पायाखाली पाट देऊ. पण पाट दिला तर मुंग्या येणार नाहीत, आणि मुंग्या आल्या नाहीत तर ती जेवणार नाही. म्हणजे तिने जगावं म्हणून तिच्या अंगातून करंट जायलाच हवा होता. असं गणित मी कधी कुणाला घातलं नव्हतं. परसातून तिचा खोकला ऐकू येत होता, त्यातही आता जोर उरला नव्हता. मी देवाला शिव्या दिल्या. मग त्या खोलीचा फ्यूजच उपटला, पर्समध्ये टाकला, पर्स कपाटात टाकली आणि कपाटाला कुलूप लावलं. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नव्हता.

आणि तडक मंगल कार्यालयात गेले. जलीलभाई शिडीवर चढून तोरणाचे दिवे बांधत होते. मी शिडी दोन्ही हातांनी धरली आणि म्हटलं, "माझी आई मरायला लागली आहे. तुम्ही खाली उतरेपर्यंत मी शिडी सोडणार नाही." लग्नघरची माणसं बघत होती. बघू दे म्हटलं. जलीलभाई उतरले.

घरी आल्यावर त्यांनी आधी आमच्या घराचंच अर्थिंग तपासलं. एका दिव्याची एक वायर करंटला लावली आणि दुसरी अर्थिंगला. दिव्याची तार नुसती लालसर झाली. "घरचंच अर्थिंग मेलंय, बाई," ते म्हणाले. "अर्थिंगचा खड्डा वाळून दगड झालाय. हितनं वायर ओढून परसातल्या खोलीला नेली तर काय उपयोग? तिथं नवीन खड्डा मारावा लागतो." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "हे मी कूलर बसवला तेव्हाच करायला पायजे होतं."

लिंबाजवळ, खोलीच्या दाराच्या उजव्या अंगाला त्यांनी खणायला घेतलं. मी बाजारातून मीठ आणि कोळसा आणला. त्यांनी नवा पंप घातला, करंट गळायला लागला की आपोआप पडणारं एक बटण घरात बसवलं. मग कूलर, त्याचा स्टँड, खिडकीची चौकट, पत्र्याचे खांब असं जे जे लोखंड दिसेल ते एका तारेने एकमेकांना जोडलं. म्हणजे एकात करंट आला तर सगळ्यांत सारखाच येतो, दोन्हीकडे हात लागला तरी माणूस मध्ये सापडत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. ती तार शेवटी खड्ड्यातल्या पाइपला बांधायची होती.

मी नुसती हो हो करत होते. माझा जीव खाटेवर होता. हे सगळं झालं की ती कायमची हात गजावर ठेवून थांबणार, एवढंच मला दिसत होतं. मीच पैसे देऊन तिचा नवरा घरातून कायमचा काढत होते.

जलीलभाईंनी पाइप उभा केला. भोवती कोळशाचा थर दिला आणि त्यावर मिठाची पिशवी फोडली.

"मीठ कशाला घालायलात?"

अव्वा दारात उभी होती. चौकट धरून, पण आपल्या पायांवर. केस सुटलेले, ओठ फुटलेले. मी धरायला गेले तर तिने हातानेच मला बाजूला केलं.

जलीलभाई खड्ड्यातूनच म्हणाले, "मिठानं माती ओली ऱ्हाते, काकू. ओली असली की करंट मातीत जातो. मग कुणाला झटका बसत न्हाई."

"जातो म्हंजे कुठं जातो?"

"खाली. ह्याच खड्ड्यात."

"आन मग?"

"मग काय. इथंच मुरतो. परत वर येत न्हाई."

अव्वा खड्ड्याकडे बघत राहिली. कमरेएवढा खोल, चौकोनी, तळाला मीठ पांढरं दिसत होतं. मला वाटलं आता ती ओरडेल, किंवा खाली कोसळेल. ती वळली आणि आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात चांदीचा करंडा होता आणि दुसऱ्या हातात विभूतीची वडी. मला एकदम कळलं. लिंबाला धरून मी खाली बसले.

जलीलभाईंना आमचे विधी माहीत नव्हते. पण त्यांच्यातही माणसाला मातीच देतात. ते काही न विचारता खड्ड्यातून वर आले, हात झटकले आणि खिशातला रुमाल काढून डोक्याला बांधला. अव्वा कडेला बसली. तिने करंड्यातून अप्पांचं इष्टलिंग काढलं, विभूती लावली, कपाळाला टेकवलं. मी जवळच्या बेलाची पानं आणायला उठले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. लिंबाची दे. त्यांना ह्याच झाडाचा वास होता." मी लिंबाची डहाळी दिली.

तिचा हात तळापर्यंत पोचेना. जलीलभाई परत खाली उतरले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली. अव्वाने क्षणभर विचार केला, मग लिंग त्यांच्या ओंजळीत ठेवलं. "तुमच्या मास्तराला नीट बसवा," ती म्हणाली. त्यांनी ते पाइपच्या कडेला मिठात बसवलं.

"मीठ कमी हाय," अव्वा म्हणाली. "गळ्यापर्यंत पायजे असतंय. उमा, घरातलं आण."

मी स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आणली. तिने ती उपडी केली, वर हात मारून शेवटचा खडाही पाडला. मग मूठभर माती टाकली. मी टाकली. जलीलभाईंनी आमच्याकडे बघितलं, अव्वाने मान हलवली, तेव्हा त्यांनीही टाकली. मग फावड्याने खड्डा भरायला घेतला. वर्षभर अडकून राहिलेलं माझं रडणं तेव्हा आलं, आणि मी ते थांबवलं नाही.

शेवटी जलीलभाईंनी ती तार पाइपला बांधली आणि खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतलं. मग घरातल्या मीटरवरून करंटची वायर आणून दिव्याने परत तपासलं. दिवा लख्ख पेटला. "झालं," ते म्हणाले. "पण काकू, उन्हाळ्यात ह्याला रोज पाणी घालावं लागतंय. सुकलं की परत बंद पडतंय."

"मी घालीन की," अव्वा म्हणाली. "दुसरं काय काम हाय मला?"

कपाटातून फ्यूज काढून मी लावला. कूलर सुरू झाला. मी अनवाणी पायांनी, ओल्या हाताने गज धरून बघितला. गज नुसता लोखंडाचा होता. मी अव्वाकडे बघितलं, पण ती खिडकीकडे फिरकलीच नाही. दाराच्या पायरीवर, नव्या मातीकडे तोंड करून बसली होती.

जलीलभाई मांडवाकडे गेले. मी घाईघाईत भाकरी थापली, वांग्याची भाजी टाकली आणि ताट पायरीवर नेलं. "गजापाशी बसतेस का?" मी विचारलं.

"आता कशाला? बसलेत ते नीट," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी भाकरी मोडली. पहिला घास घेतला, चावला आणि चेहरा वाकडा केला.

"भाजीत मीठ न्हाई, उमा."

बरणी खड्ड्यापाशी उपडी पडली होती. मी शेजारी वाटीभर मीठ मागायला गेले आणि परत येईपर्यंत तिने तशीच, अळणी, अर्धी भाकरी संपवली होती.